फियाटचं किट कुणाचं घ्यायचं?

मुंबईची शेवटची काळी-पिवळी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांतून तिला निरोप देणारे लेख आले. टॅक्सी गेली, पण गाडी गेलेली नाही, हे मात्र त्या लेखांत राहून गेलं. साठच्या दशकातली फियाट ११०० डिलाइट आणि २००० च्या सुमारास कुर्ल्याला बनायची थांबलेली पद्मिनी, ही एकाच घराण्यातली गाडी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, पणजीत अशा गाड्या कव्हरखाली जपून ठेवलेल्या आहेत आणि रविवारी बाहेर निघतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी सुरू केली. वीस हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि गाडी मूळ रूपात असण्याची अट. म्हणजे डिलाइट या नियमात बसलीच आणि पहिल्या पद्मिन्याही एकेक करून बसू लागल्या आहेत.

मूळ रूपात ठेवायची तर सुटे भाग हवेत. ब्रेकचं रबर, किंग पिन, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा. गाडी बनवणारं आता कुणी नाही. भाग बनवणारे मात्र पुष्कळ आहेत. त्यांच्यातली चढाओढ गाडीवाल्याच्या भल्याची की घाताची, यावर या धंद्यात दोन ठाम मतं आहेत. ती मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी दिली आहेत. मामांचं मुंबईत ऑपेरा हाउसजवळ स्पेअर पार्टचं दुकान, टॅक्सीवाल्यांच्या जिवावर वाढलेलं. भाची रबर टेक्नॉलॉजी शिकलेली, भोसरीत तिचं छोटं मोल्डिंग युनिट. पात्रं माझी आहेत. वाद खरा आहे.

मामा : पद्मिनीच्या व्हील सिलिंडरचं किट माझ्याकडे आज चार मेकचं आहे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत चौपट फरक. ज्याला जे परवडतं ते तो नेतो. यात वाईट काय आहे ते मला सांग.

भाची : चारही पाकिटं फोडा आणि रबरं काउंटरवर ओळीने मांडा. आता पाकिटं बाजूला करा. यातलं चांगलं कुठलं?

मामा : दाबून बघतो. वाकवून बघतो. हात बसलेला आहे माझा.

भाची : दाबून कडकपणा कळेल, तोही अंदाजाने. रबर कुठलं आहे ते कळणार नाही. चारही काळी आहेत, कारण चारहीत कार्बन ब्लॅक आहे. एक ईपीडीएमचं असेल, एक नायट्राइलचं, एकात जुन्या टायरचं रिक्लेम असेल. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नाहीच, ग्लायकॉल आहे. ईपीडीएम त्यात वर्षानुवर्षं टिकतं. नायट्राइल इंजिन ऑइलला, पेट्रोलला उत्तम, पण ब्रेक फ्लुइडमध्ये ते फुगतं. सिलिंडरमधला हा रबरी कप फुगला की पिस्टन मागे येत नाही, ब्रेक धरून राहतो, ड्रम तापतो. नायट्राइल सहज मिळतं, बऱ्याच युनिटांत आधीच पडून असतं, म्हणून कुणीतरी तेच साच्यात घालतो. दिसायला तुमच्या महागड्या कपासारखंच.

मामा : मग असा माल विकणाऱ्याचं नाव खराब होईल आणि तो उठेल. बाजार त्याचसाठी असतो. पोरी, तू लहान होतीस, तुला तो काळ आठवणार नाही. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली माणसं मी बघितली आहेत. दोन-तीन कंपन्या, सगळ्यांकडे रांग. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची कुणाला गरजच नव्हती. १९८३ मध्ये मारुती आली आणि सगळ्यांची झोप उडाली. चढाओढ नसली की काय होतं ते माझ्या पिढीने भोगलंय. आता तुझं ऐकलं तर एका पार्टला एकच बनवणारा उरेल. ते दिवस मला परत नकोत.

भाची : गाडीच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. मारुतीत बसलं की पहिल्याच दिवशी फरक कळत होता. ब्रेकचा कप घेणाऱ्याला पहिल्या दिवशी काहीच कळत नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण भाचीचा मुद्दा अर्थशास्त्रात फार गाजलेला आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन तो मांडला. विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्याच मालाला मधला भाव देतो. त्या भावात चांगला माल देणं परवडत नाही, म्हणून चांगला विकणारा बाहेर पडतो. मग सरासरी आणखी खालावते, भाव आणखी उतरतो. या कामाबद्दल त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. पण ऑपेरा हाउसच्या काउंटरवर हा सिद्धांत जशाच्या तसा लागू पडला असता, तर मामांचं दुकान कधीच बंद व्हायला हवं होतं. ते चाललं, आणि इतकी वर्षं बरा मालही विकत राहिलं. ते कसं?

मामा : सांगतो कसं. टॅक्सी दोन पाळ्यांत चालायची. दिवसाचा ड्रायव्हर वेगळा, रात्रीचा वेगळा. मुंबईचं ट्रॅफिक, दर सिग्नलला ब्रेक, पावसाळ्यात चाकं पाण्यात. माझ्याकडून किट नेलं आणि ते खराब निघालं, तर महिन्याच्या आत तो माणूस माझ्या दुकानासमोर गाडी उभी करून शिव्या घालायचा. एकटा यायचा नाही, स्टँडवरच्या सगळ्यांना सांगून यायचा. मग मी तो मेक ठेवणंच बंद करायचो. होलसेलवाल्याला सांगायचो, हा माल परत घेऊन जा. बनवणाऱ्यापर्यंत बातमी आठवड्याभरात पोचायची. लॅब नाही, सर्टिफिकेट नाही. टॅक्सीवाला हाच आमचा इन्स्पेक्टर.

भाची : मामा, मला जे सांगायचं होतं ते तुम्हीच सांगितलंत. तो इन्स्पेक्टर २०२३ मध्ये रिटायर झाला. आता तुमचं गिऱ्हाईक कोण?

मामा : हौशी लोक. वडिलांची गाडी सांभाळणारे. एखादा डॉक्टर, एखादा रिटायर्ड बँकवाला.

भाची : ते वर्षाला किती चालवतात? हजार किलोमीटर झाले तरी खूप. टॅक्सी तेवढं पंधरा दिवसांत करायची. जो दोष तुम्हाला महिन्यात कळायचा तो आता दोन वर्षांनी कळतो, आणि कळला तरी गाडीवाला म्हणतो, गाडी उभी होती म्हणून गेलं असेल. तोपर्यंत पाकीट कचऱ्यात गेलेलं, मेक आठवत नाही, मेकॅनिक बदललेला. शिव्या घालायला कुणी येतच नाही. खराब मालवाल्याचं नाव खराब व्हायला आधी कुणाला तरी कळायला हवं ना?

या वादातलं सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं. पद्मिनीच्या भागांचा बाजार चढाओढीमुळे शुद्ध राहत होता हे मामांचं निरीक्षण चुकीचं नाही. पण ती चढाओढ हजारो टॅक्सींच्या रोजच्या झिजेवर उभी होती. ती झीज थांबली. बनवणारे तेच, दुकानं तीच, पाकिटंही तीच, फक्त निकाल लावणारा उठून गेला. त्यानंतर उरली ती भावाची चढाओढ, कारण भाव तेवढा पाकिटावर छापलेला असतो.

भाची : आता माझ्या बाजूचा हिशेब ऐका. समजा, एका कपाचा साचा साठ हजारांना पडला आणि सगळ्या बाजारात वर्षाला सहाशे कप खपले. एकच बनवणारा असेल तर पाच वर्षांत तीन हजार कपांवर तो खर्च वाटला जातो, कपामागे वीस रुपये. चौघांनी चार साचे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसातशे कप, कपामागे ऐंशी रुपये. आणि भाव पाडायची शर्यत चालू. मग ते साठ रुपये काढायचे कुठून? रबरात खडूची पूड आणि चायना क्ले वाढवायची. प्रोसेस ऑइल जास्त घालायचं. ते पुढे फ्लुइडमध्ये निघून जातं आणि कप आकसतो. प्रेसमध्ये साचा जितका वेळ ठेवायला हवा त्याच्या आधीच काढायचा, म्हणजे एका पाळीत जास्त नग निघतात. अर्धवट शिजलेलं रबर दाबून सोडलं की मूळ आकारात परत येत नाही. आम्ही ते मोजतो. रबर एक चतुर्थांश दाबून ओव्हनमध्ये ठेवायचं, नंतर सोडून बघायचं किती उठलं. तुमच्या काउंटरवर हे कुणी करणार आहे का?

मामा : नाही करणार. पण सगळंच रबर नसतं. किंग पिन घे. किंग पिनला मी कानस लावतो. कानस घसरली तर वरचा थर कडक आहे. कानशीने चावा घेतला तर पिन मऊ, परत पाठव. मायक्रोमीटर लावून व्यास बघतो. पाच मिनिटांत निकाल. त्या मालात चढाओढीने मला स्वस्तही दिलं आणि चांगलंही दिलं.

भाची : वरचा थर कडक आणि आतला गाभा चिवट, असं असायला हवं. पूर्ण आरपार कडक केलेली पिनही कानशीला घसरतेच, आणि खड्ड्यात तुटते.

मामा : तशी पिन दहा वर्षांत एखादी येते. बाकी नव्वद टक्के वाईट माल कानशीत पकडला जातो.

हा मुद्दा मामांना द्यायलाच हवा. धातूच्या भागांत काउंटरवर तपासणी शक्य आहे. ब्रेक ड्रम लेथवर चढवला की ओतकामातली भोकं दिसतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीत ओतकाम करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं आहेत. थोडे नग ओतून देणं त्यांना जमतं, आणि त्यांच्यातल्या स्पर्धेने गाडीवाल्याचं नुकसान झालेलं नाही. बंपरच्या क्रोमचं थोडं वेगळं. खाली तांबं, वर निकेल, त्यावर क्रोम असे तीन थर द्यावे लागतात. निकेल पातळ दिलं तर मुंबईच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत ठिपके येतात. वाईट दिसतं, पैसे वाया जातात, पण कुणाचा जीव जात नाही.

भाची : आणखी एक गोष्ट आहे, ती धातूलाही लागू आहे. मूळ ड्रॉइंग कुणाकडे नाही. मग बनवणारा काय करतो? जुन्या बाजारातून एक नमुना आणतो आणि त्यावरून साचा करतो. तो नमुना वीस वर्षं चालून झिजलेला असतो, किंवा फ्लुइडमध्ये फुगलेला. दुसरा बनवणारा नमुन्यासाठी पहिल्याचाच माल विकत घेतो, कारण तो नवीन दिसतो. तिसरा दुसऱ्याचा घेतो. प्रत्येक वेळी थोडा फरक. रबर थंड होताना साच्यापेक्षा लहान होतं, त्याची सूट कुणी धरतो, कुणी धरत नाही. मी नवे सिलिंडर आणि जुने सिलिंडर मोजून, मधल्या मापाचा विचार करून साचा केला. माझा कप बाजारात आला, आणि पुढच्या दिवाळीत त्याची नक्कल अर्ध्या भावात तुमच्याच दुकानात होती.

मामा : होती. मी ठेवली. नाही कशाला म्हणू?

भाची : विलायतेत काय केलं बघा. एमजीबी गाडी १९८० मध्ये बंद झाली. पाच लाखांवर गाड्या बनलेल्या. ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ कारखान्याचे प्रेस टूल शोधून गोळा केले आणि १९८८ मध्ये त्याच टूलवर नवी बॉडी काढायला सुरुवात केली. गंजलेल्या गाडीचं सामान उतरवून नव्या बॉडीत चढवायचं. एकाने जबाबदारी घेतली, मूळ मापं धरली, तेव्हा ते जमलं.

मामा : तिथे टूल सापडले. इथे कुठे आहेत? तिथे पाच लाख गाड्यांमागचे हौशी होते, गाडीवर मनसोक्त खर्च करणारे. आणि त्याच इंग्लंडात ब्युलीला १९६७ पासून जुन्या पार्टचा बाजार भरतो. मक्तेदारीने सगळं भागलं असतं तर लोक पहाटे तिथे का गेले असते? जुन्या खोक्यातला, न वापरलेला, त्या काळचा माल शोधायला जातात. माझ्याकडेही मागच्या खोलीत तसा माल आहे.

भाची : तुमची त्या काळची गिअर आणि बेअरिंग सोनं आहेत. पण त्या खोक्यातलं रबर देऊ नका. रबर पाकिटातही म्हातारं होतं. ओझोनने तडे जातात, वाकवलं की बारीक भेगा दिसतात.

मामा : बरं. मग ‘मूळ मापं, मूळ माल’ या तुझ्या मंत्राचं काय करायचं? पेट्रोल पंपाचा पडदा घे. त्या काळी पेट्रोल निव्वळ पेट्रोल होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिळतं. कंपनीच्या जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला पडदा त्यात फुगतो, मऊ पडतो. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, इथेनॉल पाणी ओढतं, आत पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं. मूळ तेच चांगलं म्हणून बसलेला एकटा मक्तेदार हे कशाला सुधारेल? तीन-चार जण धडपडत असतील तर त्यातला एक फ्लोरो रबरचा पडदा काढेल आणि बाकीच्यांना झक मारत काढावा लागेल.

भाची : हे मात्र मान्य. मूळ म्हणजे चांगलं असं मी म्हणणार नाही. मला मूळ गाडीइतका भरवसा हवा आहे, वस्तू बदलली तरी चालेल.

मामा : आणि भावाचं काय? माझ्याकडे एक गृहस्थ येतात. पेन्शनवर आहेत, वडिलांची एकोणिसशे अडुसष्टची डिलाइट. तुझं किट तिप्पट भावाचं. एका चाकाचं नाही, चारही चाकांचं लागतं, वर मास्टर सिलिंडर. ते म्हणतील, राहू दे, विकून टाकतो. गाडी कुर्ल्याला भंगारात जाईल. एक गाडी कमी झाली की तुझे वर्षाचे सहाशे कप पाचशे नव्वद होतील. स्वस्त माल वाईट आहे असं तू म्हणतेस, पण स्वस्त मालाने गाड्या जिवंत ठेवल्या, आणि गाड्या आहेत म्हणून तुझा साचा चालतो.

मामांच्या या बोलण्याला भाचीकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. जुन्या गाड्यांची हौस फक्त श्रीमंतांकडे गेली की सुटे भाग उत्तम मिळतील आणि गाड्या मूठभर उरतील. पोर्शेने २०१८ मध्ये ९५९ या गाडीच्या क्लचची एक लिव्हर थ्रीडी प्रिंटरने, धातूची पूड लेझरने वितळवून बनवल्याचं जाहीर केलं. त्या गाड्या बनल्याच होत्या २९२. तिथे एका लिव्हरला काय पडतं याचा विचार मालकाला करावा लागत नाही. फियाट ही कधीच तशी गाडी नव्हती. शिक्षकाने, वकिलाने, दुकानदाराने कर्ज काढून घेतलेली ती गाडी. तिच्या सुट्या भागांची गुणवत्ता तिच्या मालकाच्या खिशाला परवडणारी असावी, हा मामांचा आग्रह मला मनापासून योग्य वाटतो. पण घाटात ब्रेक लागला नाही तर तो स्वस्त कप त्या पेन्शनवाल्या गृहस्थांना सगळ्यात महाग पडेल, हेही तितकंच खरं आहे.

भाची : मी एक सुचवते. माझ्या प्रत्येक कपावर साच्यातच तीन गोष्टी उठवलेल्या असतील. माझं चिन्ह, रबराचं नाव, आणि महिना-वर्ष. पाकिटावर नाही, कपावर. पाकीट हरवतं.

मामा : नक्कल करणारा तेही उठवेल.

भाची : उठवू दे. म्हणून दुसरी गोष्ट तुम्ही करायची. वही ठेवा. कुठल्या गाडीला कुठल्या महिन्याचं किट दिलं, आणि कुठल्या मेकॅनिकने बसवलं. टॅक्सीवाला स्वतःहून शिव्या घालायला यायचा, हे लोक येणार नाहीत, तुम्हाला फोन करून विचारावं लागेल. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर. कप खराब निघाला तर तो फेकायचा नाही. कप आणि त्यातलं थोडं फ्लुइड बाटलीत भरून माझ्याकडे पाठवा. मी बघीन आणि बदलून देईन. दुसऱ्या मेकचा खराब निघाला तर तोही पाठवा. त्याला काय झालं ते मी त्या मेकवाल्यालाही लिहून कळवीन.

मामा : दुसऱ्याच्या मालाची तपासणी तू करणार? तुझा धंदा त्यात आहे. कोण विश्वास ठेवेल?

भाची : बरोबर आहे. तर मग रबर जाळून उरलेल्या राखेचं वजन, कडकपणाचा आकडा आणि ब्रेक फ्लुइडमध्ये तीन दिवस ठेवल्यावर किती फुगलं ते, एवढंच लिहीन. मत लिहिणार नाही. आकडे कुणीही दुसऱ्या लॅबमध्ये पडताळून बघावेत.

मामा : वही ठेवतो. पोराला सांगतो, त्याला मोबाइलवर ठेवायला सोपं. पण चार मेक मी ठेवणार. हँडल, लॅम्पचे रिंग, दाराची रबरं, बुश, पिन, सगळ्यात चारही मेक राहतील. लोकांनी बघून घ्यावं.

भाची : ठेवा. ब्रेकच्या रबरात ठेवू नका.

मामा : आणि त्या पेन्शनवाल्यांना तिप्पट भाव सांगू?

भाची : चारही चाकांचं एकदम घेतलं तर मी दुप्पटीत देते. त्याखाली मला साचा परवडत नाही.

मामा : दीडपट कर. मग उरलेली तीन पाकिटं मी होलसेलवाल्याला परत पाठवतो, आणि का पाठवली तेही सांगतो.

भाची : वर्षाला किती घ्याल ते आधी लिहून द्या. त्यावर दीडपट जमतंय का बघते.